दोन मांडवांचा गळा

१५ मे २००४ ला वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. दीड महिन्याच्या आत एक लिहिणारा गेला आणि एक गाणारा. दोघांपैकी कुणीच वऱ्हाडातलं नव्हतं. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, आणि शिंदे घराण्याचं मूळ मंगळवेढ्याकडचं. तरी त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत पंचशील ध्वजाखाली दोनदा आदरांजलीची सभा झाली. दोन्ही वेळा आयाबाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींनी या दोघांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

२३ जून ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी आषाढी एकादशीला जेमतेम आठवडा उरला होता. शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पुढे गेली होती, कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघून गेली होती, पंढरपूरच्या सगळ्या वाटा माणसांनी भरल्या होत्या. आणि त्या वाटांवरच्या चहाच्या टपऱ्यांत, स्वागताच्या मांडवांत ज्या आवाजात 'पाऊले चालती पंढरीची वाट' वाजत होतं, तो आवाज मुंबईकडे कायमचा थांबला होता. एकादशीनंतर चार-पाच दिवसांनी आषाढ पौर्णिमा. आमच्या विहारांत त्या दिवशी वर्षावास सुरू होतो, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून तीन महिने वाचायला बसतात. वाचन संपल्यावर तिथेही याच माणसाची भीमगीतं लागायची. दोन्ही मांडवांचा गळा एकच होता, आणि दोन्ही मांडव उभे राहण्याच्या तोंडावर तो गेला.

प्रल्हाददादांना मी समोर बसून कधी ऐकलं नाही. माझ्या वाट्याला ते आले मामाच्या भोंग्यातून. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात मामाची साऊंड सर्व्हिस होती. सर्व्हिस म्हणजे काय, तर अहुजाचा एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, रेकॉर्ड वाजवायचा चेंजर, लाइन गेली तर लावायला ट्रकची बॅटरी, वायरचं भेंडोळं आणि बांबू. भोंगा बांबूला बांधून लिंबाच्या शेंड्याला किंवा शाळेच्या छपरावर चढवायचा आणि त्याचं तोंड ज्या गावचे पाहुणे येणार त्या गावाकडे करायचं, ही मामाची पद्धत. लग्न, बारसं, जयंती, सप्ताह, निवडणूक, हरवलेल्या म्हशीची दवंडी, सगळं त्या दोन भोंग्यांतून व्हायचं. गावात दुसरा सेट नव्हता. त्यामुळे ज्या घरांच्या उंबऱ्याशी मामाच्या बापाला उभं राहू दिलं जात नसे, त्या घरांच्या लग्नात मामा पहिल्यांदा बोलावला जायचा.

हनुमानाच्या देवळात सप्ताह बसला की मामा सेट बाहेर लिंबाखाली मांडायचा. मशीन बाहेर आणि माईकची वायर आत. लहानपणी मी त्याच्याजवळ बसायचो. एकदा विचारलं, मामा, आपण आत का नाही बसत? मामा चेंजरची सुई पुसत होता. म्हणाला, "वायर जाते ना अंदर? मंग झालं." पुढे दिवस बदलले, आत या म्हणणारी माणसं गावात आली. मामा आत गेला, प्रसाद घेऊन आला; सेट मात्र शेवटपर्यंत लिंबाखालीच मांडत राहिला.

पहाटे काकडा व्हायच्या आधी देवळावरून पहिली रेकॉर्ड वाजायची ती प्रल्हाद शिंद्यांची. गाव अजून अंथरुणात असायचं. कुठे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजायची, कुठे विहिरीवर बादली आपटायची, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज कापसाच्या शेतांपर्यंत जायचा. एप्रिल लागला की हेच भोंगे आमच्या वस्तीत यायचे. निळी तोरणं, पांढरी टोपी घातलेले म्हातारे, आणि तोच आवाज. त्या वेळी मला वाटायचं की हे दोन वेगळे गायक असावेत. मामाने दोन्ही रेकॉर्डी हातात देऊन नाव वाचायला लावलं. मला वाचता येऊ लागल्याचा पहिला पुरावा म्हणून तो ते नाव पाहुण्यांसमोर माझ्याकडून वाचून घ्यायचा.

प्रल्हाददादांचा जन्म १९३३ चा. वडील भगवानराव, आई सोनाबाई. घरात भजन-कीर्तनाचं गाणं होतं आणि लहानपणापासून आईबापांच्या मागे उभं राहून गाणं हेच त्यांचं शिक्षण. समोर माईक नाही, छप्पर नाही, ऐकणारा थांबेल याची खात्री नाही. अशा ठिकाणी जो गातो त्याला पहिल्याच ओळीत माणूस धरावा लागतो. पुढे ते मुंबईत कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसमध्ये उभे राहिले. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोचलेले कव्वाल. मराठी खेड्यातल्या भजनाचा मुलगा उर्दू कव्वालीच्या बैठकीत टाळी द्यायला बसला, आणि त्या बैठकीतून उठताना दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन आला. त्यांचं कोणतंही गाणं नीट ऐका. सुरुवातीला वरच्या पट्टीत एक लांब हाक असते, ती कव्वालीची. मग शब्द येतात ते एकेक अक्षर सुटं करून, दळण दळणाऱ्या बाईलाही कळावं असे; ते कीर्तनाचे. आणि एखादी ओळ मनात बसेपर्यंत ते सोडत नाहीत, फिरून फिरून तिच्यावर येतात. त्यात हाक कव्वालीची आहे आणि कळकळ भजनाची.

त्या आवाजाला थोडी खर होती. रेडिओवरच्या भावगीतांच्या कानाला ती कदाचित खुपली असेल. पण भोंग्याला ती फार मानवायची, आणि याचं कारण साधं आहे. भोंगा खालचे सूर जवळपास गाळून टाकतो. मधले आणि वरचे सूर तेवढे लांब फेकतो. मृदू, खर्जातला गळा त्यात चेपून जातो. उलट माईकशिवाय मैदानात गायला शिकलेला, वरच्या पट्टीतला, शब्द ठोकून उच्चारणारा गळा भोंग्यातून निघाला की एक शिवार ओलांडून दुसऱ्या शिवारात पोचतो आणि तिथेही शब्द कळतात. मामाला यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण निष्कर्ष माहीत होता. "भोंग्यासाठीच जल्माले आला हा मानूस," असं तो म्हणायचा. माझ्या मते प्रल्हाद शिंदे यांच्या गायकीवर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

जयंती आमच्याकडे १४ एप्रिलला सुरू होते, संपते मात्र मे महिन्यात. अमरावती-अकोल्याकडच्या गावांनी आपापल्या तारखा वाटून घेतलेल्या असतात. त्याचं एक कारण कव्वालीच्या पार्ट्या. सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवलं तर पार्टी मिळणार कुठून? वर्गणी निघायची. ज्याच्याकडे पैसा नाही तो पायलीभर ज्वारी द्यायचा. मुकाबला ठरला की महिनाभर गावात दुसरा विषय नाही. एक पार्टी गड्याची, एक बाईची. मंच म्हणजे दोन बैलगाड्या एकमेकींना जोडून वर फळ्या टाकलेल्या. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, टाळी देणारा कोरस. दिवसभर पंचेचाळीस अंशांनी भाजलेली जमीन रात्री दहाच्या सुमारास जरा निवायची, तेव्हा माणसं सतरंज्या, घोंगड्या घेऊन यायची. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. बैल सोडून चाकाला बांधायचे आणि लेकरं गाडीतल्या कडब्यावर निजवायची.

आधी त्रिसरण-पंचशील. मग बुद्धाचं गाणं, मग बाबासाहेबांचं. मुंबईतल्या मोठ्या नावांची, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, कृष्णा शिंदे, प्रल्हाद शिंदे यांची गाणी या गावोगावच्या पार्ट्यांना पाठ असायची. स्थानिक गायक उठायचा, कानावर हात ठेवायचा आणि प्रल्हाददादांच्या पट्टीत हाक द्यायचा. बहुतेकांचा आवाज मध्येच फाटायचा. लोक हसत नसत. कुणी तरी मागून "होऊ द्या भाऊ" म्हणायचं आणि तो एक पट्टी खाली उतरून गाणं पुरं करायचा. पुढे कुणाकडून अकरा रुपये, कुणाकडून पाच, माईकवरून नाव गाव घेऊन बक्षीस पुकारलं जायचं. आपलं नाव भोंग्यातून शेजारच्या गावाला ऐकू गेलं, हे त्या पाच रुपयांचं मोल होतं. शेतमजुरी करणाऱ्या माणसाचं नाव एरवी मोठ्याने कोण घ्यायचं? हजेरी घेणारा मुकादम तेवढा.

मध्यरात्रीनंतर सवाल-जवाब रंगायचे. चवदार तळ्याचं साल काय, गोलमेज परिषदेत बाबासाहेब काय म्हणाले, पहिली दीक्षा कुणी दिली? बाई सवाल टाकायची, गड्याने गाण्यातून जवाब द्यायचा. अडला तर टाळ्या बाईला. मला इतिहास शाळेत नंतर शिकवला. त्याच्या तारखा मला सतरंजीवर आधीच मिळाल्या होत्या. आमच्या वऱ्हाडाचाही त्यात उल्लेख यायचा. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथे पेटला, हे मी पहिल्यांदा एका कव्वालीत ऐकलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या मोठीमायने ते माझ्याआधी ऐकलेलं होतं आणि तिला ते तोंडपाठ होतं.

आणि रात्री दोनच्या पुढे रमाईचं गाणं. गोवऱ्या थापणारी, लेकरं गमावलेली, नवऱ्याच्या पुस्तकांसाठी उपाशी राहणारी रमाई. पुढच्या रांगेतल्या बाया त्या वेळी उघडपणे रडायच्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीने एखादं तरी लेकरू पुरलेलं असायचं आणि त्याच्यासाठी रडायला तिला वेळ मिळालेला नसायचा. त्या रात्री तो मिळायचा. पहाटे गाणं थांबलं की डोळे पुसून त्या उठायच्या, आणि उन्हाळवाहीच्या दिवसांत गडी माणसं तशीच जागरणाच्या डोळ्यांनी वखर घेऊन शेतात जायची.

एक प्रश्न आमच्या वस्तीत नेहमी निघायचा. मी मोठा झाल्यावर तो मीही विचारला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. देवदेवता मानणार नाही, पूजा करणार नाही, असं त्यांत स्वच्छ सांगितलेलं आहे. मग भीमगीतं गाणाऱ्या या माणसाने सत्यनारायणाची कथा का गावी? ती कथा तर अशी गाजली की वऱ्हाडात पूजा म्हटली की भटजींच्या आधी प्रल्हाददादांचा आवाज घरात यायचा. मामाला वस्तीतल्या तरण्या पोरांनी एकदा घेरून हेच विचारलं होतं. मामा म्हणाला, "त्याच्या लेकरायनं काय खावं मंग?" पोरं गप्प बसली. कंपनी जे गाणं देईल ते गायचं आणि बिदागी घ्यायची, हा गाणाऱ्याचा धंदा होता. मामाचाही तोच धंदा होता. तो देवळाचं भाडं घ्यायचा आणि त्याच भाड्यातून माझ्या मामेबहिणींच्या शाळेची फी भरायचा.

पण मला पोटाचं उत्तर अर्धं वाटतं. पोटासाठी गायलेलं गाणं ओळखू येतं. त्यात गळा असतो, माणूस नसतो. 'पाऊले चालती' हे दत्ता पाटलांचं गीत, मधुकर पाठकांची चाल. प्रल्हाददादा ते गातात तेव्हा त्यांनी स्वतःला बाहेर ठेवलेलं नाही. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. चोखोबांचा जन्म आमच्या वऱ्हाडात, बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचा मानतात, आणि अंत मंगळवेढ्याला, गावकुसाच्या कामावर भिंत अंगावर कोसळून. समाधी पंढरपुरात, देवळाच्या पायरीशी. सहा-सात शतकं त्या पायरीबाहेर उभं राहून विठ्ठलाला हाक मारणाऱ्यांची एक मोठी रांग आहे. प्रल्हाददादांच्या विठ्ठलगीतांत मला ती रांग ऐकू येते. आत बसून गाणाऱ्याची हाक एवढी लांब जात नाही. त्याला तेवढ्या लांबून मारावीच लागत नाही. वारकऱ्यांना तो आवाज आपला वाटला याचं कारण मला इथे दिसतं. आणि भीमगीतांत तोच माणूस पायरीकडे पाठ करून उभा राहतो तेव्हा त्याच आवाजात जे बळ येतं, त्याचंही कारण हेच. त्यांनी धर्माची फसवणूक केली असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मी एवढंच सांगतो की आमच्या गावात देऊळ आणि वस्ती यांच्यामध्ये जो ओढा होता, तो कोणताही नेता, कोणताही सप्ताह, कोणतीही ग्रामसभा यांच्याआधी या माणसाच्या आवाजाने ओलांडला.

मग कॅसेट आली. मामाने चेंजर कपाटात ठेवला आणि डेक घेतला. व्हीनस, टी-सीरिज यांच्या स्वस्त कॅसेटी मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर, अकोल्याच्या गांधी रोडवर ढिगाने मिळू लागल्या, आणि प्रल्हाददादांची मुलं घराघरांत शिरली. आनंद आणि मिलिंद शिंदे या भावांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात जो धुमाकूळ घातला तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरा वाटायचा नाही. वरातीत, एसटी स्टँडवर, रसवंतीवर, सगळीकडे तेच. मामाला ते गाणं फारसं आवडलं नव्हतं, पण मुलांचा गळा ऐकून तो खूश होता. "बाप हाये आवाजात," म्हणायचा. पुढे २००६ च्या 'जत्रा' चित्रपटात आनंद शिंदे वैशाली सामंतबरोबर गायले, आणि कोंबडीच्या त्या गाण्याने शहरातल्या ज्या माणसांना हे घराणं माहीतच नव्हतं त्यांनाही नाचवलं. प्रल्हाददादांनी ते पाहिलं नाही.

आता तिसरी पिढी आहे. आनंद शिंद्यांचे मुलगे हर्षद, उत्कर्ष, आदर्श. उत्कर्ष डॉक्टर झाला आणि गातोही. २०१३ च्या 'दुनियादारी'त आदर्शने गाभाऱ्यातल्या देवाला जी हाक मारली, ती ऐकताना मी ताठ बसलो होतो. वरच्या पट्टीतली ती सुरुवात मला ओळखीची होती. बाबासाहेबांवरच्या टीव्ही मालिकेच्या गाण्यातही त्याचाच आवाज आला. म्हणजे नातूही दोन्ही मांडवांत उभा आहे. लोक त्यांना 'शिंदेशाही' म्हणतात. मला त्या घराण्याचं कौतुक वाटतं आणि त्याच वेळी एक रुखरुख लागून राहते. आवाज पुढे आला, पण तो ज्या रात्रींमध्ये वाढला त्या रात्री पुढे आल्या नाहीत.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर भोंगा बंद झाला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम योग्य आहेत. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवी. पण रात्रभराचा मुकाबला त्याबरोबर संपला. दहा वाजता तर आमच्याकडे लोक सतरंजी घेऊन घरातून निघायचे! संध्याकाळी सातला सुरू करून दहाला गुंडाळायचा मुकाबला हा मुकाबला राहत नाही. सवाल पडायच्या आधीच माईक काढून घेतात. रमाईचं गाणं रात्री दोनला जसं उतरायचं तसं सात वाजता उतरत नाही, तेव्हा चुली पेटलेल्या असतात.

आणि भोंग्याच्या जागी डीजे आला. त्याने मात्र खरा घाव घातला. डीजेची भिंत खालच्या सुरांची आहे. छाती हादरते, खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि शब्द बुडतो. आता जयंतीच्या मिरवणुकीत, कावडयात्रेत, गणपतीत, सगळीकडे तीच भिंत गाड्यांवर चढलेली असते. प्रल्हाददादांचं गाणं तिच्यातून वाजतं तेव्हा त्याच्यावर ठोका चढवलेला असतो. पोरं नाचतात, त्यांचा आनंद खोटा नाही. पण त्या गाण्यात कुणी काय लिहिलं आहे ते त्यांना ऐकू येत नाही. वामनदादांनी गावोगाव हिंडून, मिळेल त्या ओट्यावर निजून जे लिहिलं ते ऐकू यावं म्हणून लिहिलं होतं. माझं दुःख जुन्या सामानाचं नाही. अक्षर न आलेल्या माणसांना विचार पोचवण्याची एक वाट होती, ती मोडली, आणि मोडताना कुणी तिच्यासाठी थांबलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये शाहीर विठ्ठल उमप नागपुरात मंचावरच गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली. वाट मोडल्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत त्याला कमी ऐकू यायचं. भोंग्याखाली आयुष्य गेलेल्या माणसाचे कान असेच जातात. मी त्याच्याजवळ बसून मोबाइलवर प्रल्हाददादांचं गाणं लावायचो आणि फोन त्याच्या कानाशी धरायचो. तो मान हलवायचा, पण ताल चुकायचा. त्याला ऐकू येत नव्हतं. गाणं त्याला पाठ होतं, त्यावर तो मान हलवत होता. मला हे कळायचं आणि तरी मी फोन धरून ठेवायचो. तो गेला त्या दिवशी मामीने विचारलं, काही लावायचं का? मामेबहीण म्हणाली, आत्ता नको. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लावलं. मामीने आधी भीमगीत लावायला सांगितलं आणि मग, सगळ्यांसमोर, विठ्ठलाचं. कुणी काही बोललं नाही. गावातले देवळाकडचे दोन म्हातारे त्या दिवशी वस्तीत आले होते, मामाच्या फोटोजवळच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासाठी असेल, किंवा तिच्या स्वतःसाठी. मी विचारलं नाही.

रेकॉर्डींची पेटी टिनाच्या खोलीत होती. अकोल्याचा उन्हाळा आणि वर टिन. बऱ्याच तबकड्या वाकल्या होत्या. कॅसेटींच्या फितींना बुरशी धरली होती. त्याहून वाईट म्हणजे कॅसेटींवरचे कागद गेले होते. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलक कुणाची, हे सगळं त्या कागदांवर असायचं. आता तीच गाणी मोबाइलवर मिळतात आणि खाली नाव असतं ते फक्त गाणाऱ्याचं, कधीकधी चुकीचं.

आमच्याच मूर्तिजापुरात २ मे १९२० ला वसंतराव देशपांडे जन्मले. त्यांच्या नातवाने, राहुल देशपांड्यांनी, 'मी वसंतराव' चित्रपटातून आजोबांचं गाणं नव्या लोकांपर्यंत नेलं आणि त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आजोबांना असं जपावं. प्रल्हाददादांच्या बाबतीत नातू गात आहेत. जपायचं काम ऐकणाऱ्यांचं आहे, कारण त्यांचं गाणं घराण्याच्या वह्यांत कमी आणि आमच्या पेट्यांत जास्त आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रणांची सालवार यादी मला हवी आहे, प्रत्येक गाण्यापुढे लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं नाव असलेली. वऱ्हाडातल्या गावोगावच्या ज्या पार्ट्यांनी ही गाणी बैलगाडीच्या मंचावरून गायली, त्यांच्यातले गाणारे, बेंजो वाजवणारे, टाळी देणारे अजून काही जण आहेत. सत्तरी-ऐंशीची माणसं आहेत ती. त्यांना सवाल-जवाब पाठ आहेत आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत.

म्हणून अमरावती-अकोल्याकडच्या प्रत्येक वाचकाला माझं सांगणं आहे. तुमच्या घरी, मामाच्या घरी, गावातल्या जुन्या साऊंडवाल्याच्या खोलीत रेकॉर्डी, कॅसेटी, मुकाबल्याची पत्रकं असतील तर या उन्हाळ्याच्या आत ती टिनाखालून काढा. कागद शाबूत असेल तर आधी त्याचा फोटो घ्या. पार्टीतला म्हातारा गायक तुमच्या गावात असेल तर त्याच्यासमोर फोन ठेवून बसा, आणि तो गाताना मध्ये बोलू नका. जमलेलं सगळं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे नेऊन द्या, आणि ते नीट सांभाळलं जातं की नाही हे वर्षातून एकदा जाऊन विचारा.